वीज आल्यावरची मोजदाद

त्याच्याविषयी लिहायला बसले की दुःखाच्या आधी किळस येते, म्हणून इतकी वर्षं लिहिलं नाही. वाटायचं, किळस ओसरली की लिहीन. ती ओसरत नाही. आणि आता वाटतं, ती बाजूला सारून लिहिलं तर ते लिहिणं खोटं होईल.

गुलबर्ग्याच्या एका खाजगी कॉलेजात मी ग्रंथपाल होते. ग्रंथालय वरच्या मजल्यावर, कॉम्प्युटरची लॅब खाली. लॅबच्या मागं एक अरुंद खोली होती, तिला सर्व्हर रूम म्हणत. तिच्या एका भिंतीपलीकडं मुलांचे संडास आणि खिडकीपलीकडं डाळीची मिल. भिंतीतून ओल आणि वास यायचा, खिडकीतून तुरीच्या टरफलांची पिवळट भुकटी. संडासाला जाणारी मुलं जाता जाता त्या खोलीच्या दारावर गुटखा थुंकत. दाराचा खालचा भाग कायम तपकिरी असे. कॉलेजच्या माहितीपत्रकात मात्र त्या खोलीचा फोटो होता. तो दार उघडं ठेवून काढलेला होता, म्हणजे दाराची बाहेरची बाजू दिसू नये.

त्या खोलीत तो बसायचा. तो अफजलपूर तालुक्यातल्या करजगीचा. आज्याच्या काळापर्यंत त्यांच्या घरी मेंढरं होती, वडिलांपासून शेती आणि मजुरी. मुलं त्याला अण्णा म्हणत, म्हणून मीही अण्णाच म्हणे, वयानं तो माझ्याहून लहान असला तरी. तो मला अक्का म्हणायचा. मी औरादकडची, शिक्षण उदगीरला झालेलं. कॉलेजात कामाची भाषा कन्नड आणि इंग्रजी. आमची गावाकडची मराठी फक्त आम्हा दोघांत चालायची, आणि तेवढ्यानंही लोकांना बोलायला विषय मिळायचा.

त्याच्याबरोबर शिकलेले बेंगळूर, पुणे, हैदराबादला निघून गेले होते. तो गेला नाही, कारण त्याची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. सोलापुरात त्याचा मामा राहायचा, तिथल्या दवाखान्यात डायलिसिस व्हायचं. सकाळच्या गाडीनं जायचं, मामाकडं मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी लॅब उघडायच्या आत परत यायचं. त्याच्या आजारपणाबद्दल कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं. सहानुभूती म्हणून लोक त्याला काय काय खायचं नाही ते सांगत.

सगळ्या लॅबला मिळून इंटरनेटची एकच बारीक लाइन होती. ती पुरावी म्हणून मध्ये एक जुना कॉम्प्युटर ठेवला होता आणि त्यावर प्रॉक्सी नावाचा प्रोग्रॅम. एका मुलानं एखादं पान मागितलं की प्रॉक्सी ते बाहेरून आणायची आणि स्वतःजवळ एक प्रत ठेवून घ्यायची. दुसऱ्यानं तेच पान मागितलं की जवळची प्रत द्यायची. प्रोग्रॅम फुकट होता. जगभरातली माणसं मिळून तो लिहीत, त्याचा मूळ मजकूर कुणालाही वाचता यायचा, कुणालाही त्यात बदल सुचवता यायचा. अण्णानं हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते एखाद्या सार्वजनिक वाचनालयासारखं वाटलं, आणि मला फार आवडलं.

अडचण विजेची होती. वीज दिवसातून कितीदा जाईल याला धरबंध नव्हता. गेलेली वीज परत आली की मुलांची पानं उघडेनात. मग मुलं टेबलं बडवायला लागत. तो आवाज वर ग्रंथालयात फरशीतून यायचा, पायांना जाणवायचा. एकदा मी वैतागून खाली गेले. अण्णा त्या कॉम्प्युटरचं झाकण काढून ब्रशनं पंख्यातली भुकटी झाडत होता.

"हे काय चाललंय? वर कुणाला वाचायला येईना," मी म्हटलं.

"अक्का, मी काय करू? लाइट आली की हे आधी मोजायला बसायलंय. मोजून होईस्तोर परत लाइट जायलीय."

"काय मोजायलंय?"

"जवळ ठेवलेली पानं. एकेक उघडून बगतंय, हाय का, धड हाय का. लाइट अशी धाडकन गेली की ह्याला वाटतंय घरात चोरी झाली. कशावरच विश्वास ऱ्हात न्हाई त्याचा."

"मंग आमच्यासारखं करायला सांग त्याला."

"तुमच्यासारखं म्हंजे?"

"आमी पुस्तकांची मोजणी करतो तवा लायब्ररी बंद करत न्हाई. एकेक कपाट मोजतो. मोजून झालेल्या कपाटातली पुस्तकं देत ऱ्हातो. आन ज्या कपाटाला मधी कुणी हातच लावला न्हाई, त्याच्या दारावर मागल्या वेळची सही असती. ते पुन्हा मोजत न्हाई."

तो ब्रश हातात धरून तसाच उभा राहिला. "कपाटाला सही," तो म्हणाला. मग मला विसरूनच गेला. मी वर निघून आले.

पुढचे काही महिने तो ते करत होता. मला प्रोग्रॅममधलं काही कळत नाही, पण तो सोलापूरच्या गाडीत वाचायला म्हणून कागद छापून न्यायचा आणि परतल्यावर मला ग्रंथालयाच्या भाषेत समजावून सांगायचा. पानांच्या साठ्याचे त्यानं भाग पाडले. प्रत्येक भाग नीट असल्याची खूण वेळोवेळी डिस्कवर उतरवून ठेवायची सोय केली. वीज येताच ज्या भागाची खूण शाबूत आहे तो लगेच वापरायचा, उरलेले मागाहून तपासायचे. एक दिवस दुपारी वीज गेली, आली, आणि खालून टेबलांचा आवाज आला नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली. आवाज आलाच नाही. मग जिन्यात अण्णाच्या चपलांचा आवाज आला.

"ऐकलात का?" त्यानं दारातूनच विचारलं.

"न्हाई," मी म्हटलं.

"तेच तर."

पण प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली की त्याचे हे बदल पुसले जायचे आणि त्याला ते पुन्हा हातानं घालावे लागायचे. दोनदा असं झालं. दुसऱ्या वेळी तो नुकताच सोलापूरहून आला होता, हाताला पट्टी होती. तो म्हणाला, "मी हाय तवर घालीन, अक्का. माझ्यामागं कोण घालंल? हे मूळ प्रोग्रॅमात गेलं पायजे. एकदा आत गेलं म्हंजे मी नसलो तरी ऱ्हातंय."

त्याच्या आईचं मूत्रपिंड जुळत नव्हतं आणि दुसरं कुणी देणारं नव्हतं. 'मी नसलो तरी' हे तो उद्या सुट्टी आहे असं सांगावं तसं म्हणाला. त्या दिवसापासून त्याला एवढंच हवं होतं, की ते आत जावं. मलाही तेच हवं होतं. बाकी त्याच्यासाठी करण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं.

बदल पाठवायचा होता तो ई-मेलनं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या पत्त्यांची एक यादी होती, तिच्यावर बदल टाकला की तो सगळ्यांना जायचा, मग लोक तो तपासत. इंग्रजी माझं बरं म्हणून मजकूर मी लिहायचा ठरलं. पण कॉलेजातून बाहेर कागदाचा कपटाही जायचा तो प्राचार्यांच्या मार्फत, अशी रीत. साधं प्रकाशकाचं सूचीपत्र मागवायचं तरी 'योग्य मार्गानं सादर' असं लिहून सही-शिक्का घ्यावा लागे. आम्हा दोघांनाही दुसरं काही सुचलंच नाही. मी संस्थेच्या कागदावर 'आदरणीय महोदय' असं सुरू होणारं पत्र केलं. प्राचार्यांनी न वाचता सही केली, कारकुनानं जांभळा गोल शिक्का मारला, आणि ते पत्र स्कॅन करून आम्ही बदलाला जोडलं. शिक्का पुसट आला म्हणून अण्णानं दुसऱ्यांदा स्कॅन केलं.

उत्तरं आली. एकानं लिहिलं होतं, इतक्या वर्षांत आम्हांला शिक्का मारलेला बदल पहिल्यांदाच मिळाला, मी तो छापून भिंतीवर लावणार आहे. अण्णा त्यावर हसला. दुसऱ्यानं विचारलं होतं, तुमचा कॉम्प्युटर असा वरचेवर बंद पडतोच कशाला? विजेचा बॅकअप घ्या, यूपीएस घ्या, प्रश्न मिटेल. तिसऱ्याचं उत्तर सगळ्यांत सभ्य होतं आणि त्यानंच आमचा घात केला. त्यानं लिहिलं, हा बदल संस्थेनं पाठवलेला दिसतो, म्हणजे त्यावर संस्थेचा हक्क असू शकतो. आमचा या कामावर हक्क नाही, असं संस्थेनं लेखी कळवलं तरच आम्ही तो घेऊ शकतो.

यूपीएसवाल्याला आधी उत्तर द्यायचं होतं. लॅबच्या नावावर यूपीएस आलेलं होतं. ते प्राचार्यांच्या खोलीत होतं, त्यावर त्यांचा टीव्ही आणि टेबलावरचा दिवा चालायचा. वीज गेली की ते बीप बीप करायचं आणि सगळ्या व्हरांड्याला कळायचं की साहेब उजेडात बसलेत.

"लिवा की," अण्णा म्हणाला, "यूपीएस हाय म्हून लिवा. साहेबाला क्रिकेट बगायला दिलंय म्हून बी लिवा."

मी लिहिलं, आमच्या संस्थेतलं यूपीएस या यंत्रासाठी उपलब्ध नाही.

त्यानं वाचून मान हलवली. "तुमी लई सोज्वळ लिवता अक्का. वाचून मलाच वाटायलंय की आमी कुटं तरी चांगल्या जागी हाव."

यूपीएसवाल्याला पुरावा हवा होता. वीज अचानक तोडून, जुन्या आणि नव्या पद्धतीनं, पुन्हा पुन्हा मोजून दाखवा, म्हणाला. वीज तोडायची सोय आमच्याकडं भरपूर होती. अण्णानं आकडे पाठवले. काही आठवड्यांनी त्या माणसानं लिहिलं, की मला हे खोटं वाटलं होतं, मी स्वतः प्लग ओढून पाहिला, आता वाटत नाही. अण्णानं ते वाक्य छापून खिशात ठेवलं.

राहिलं ते फक्त संस्थेचं हक्क नसल्याचं पत्र.

मी मसुदा टाइप करून प्राचार्यांकडं नेला. चार ओळींचा होता. त्यांनी तो या वेळी वाचला.

"म्हणजे हे बाहेरच्या देशात छापून येणार?" त्यांनी विचारलं.

"छापून नाही, सर. प्रोग्रॅममध्ये जाणार. लेखक म्हणून त्याचं नाव राहील."

"त्याचं? आणि गाईड कोण?"

"गाईड नाही, सर. हे काही संशोधनपत्रिकेतलं—"

"मॅडम, गाईडशिवाय काम होतं का कुठं? माझं नाव आधी घाला. मग अध्यक्षसाहेबांचं, प्रेरणास्थान म्हणून. मग त्याचं. मी सही करतो."

बोलता बोलता ते टाचणीनं दातातली सुपारी काढत होते. काढलेला कण त्यांनी माझ्या मसुद्याच्या कोपऱ्याला पुसला, आणि मसुदा टेबलाच्या काचेखाली सरकवला. पुढं कितीतरी दिवस मी कशाला ना कशाला सही घ्यायला गेले की काचेखाली तो कागद आणि तो डाग दिसायचा.

अण्णाला सांगितलं तर तो म्हणाला, "घाला की त्येंची नावं. त्येंच्या बापाची बी घाला. मला काय, आत जाऊंद्या म्हंजे झालं."

मी तसं विचारलंही. लिहायची लाज वाटली, तरी विचारलं. उत्तर आलं, की ज्यानं लिहिलं त्याचंच नाव लेखक म्हणून लागतं, दुसऱ्या कुणाचं लावता येत नाही. ते बरोबरच होतं. पण त्या दिवसांत मला त्या बरोबर असणाऱ्या माणसांचाही राग यायचा. कुठंतरी स्वच्छ खोलीत, न जाणाऱ्या विजेखाली बसून ती नियम सांगत होती, आणि इकडं अण्णाच्या पायांवर सूज यायला लागली होती. सोलापूरच्या खेपा वाढल्या. मग तो मामाकडंच राहायला गेला.

जाण्याआधी त्यानं रजेचा अर्ज दिला. आजारपणाची पगारी रजा आणि कर्मचारी कल्याण निधीतून मदत, अशी साधी मागणी. अर्जात आपण काय काय काम केलं तेही त्यानं लिहिलं: लॅब सांभाळली, तासांच्या बाहेर थांबून प्रॉक्सी सुधारली, त्याचा कॉलेजला उपयोग होतो. माझ्या सांगण्यावरून लिहिलं. मला वाटलं, काम पाहून तरी त्यांना काही वाटेल.

उत्तर आलं तेव्हा तो सोलापुरात होता, म्हणून कारकुनानं पाकीट माझ्याकडं आणून दिलं.

"मॅडम, तुम्हीच द्या त्याला. तुमचं जाणं-येणं असतं ना," असं म्हणून तो हसला. कसं हसला ते लिहायची गरज नाही. पाकीट उघडंच होतं म्हणून मी पत्र वाचलं.

त्यात कन्नडमध्ये लिहिलं होतं, की आपली नेमणूक तात्पुरती व तासांपुरती असून आपण संस्थेचे कर्मचारी नाही, सबब रजा व निधी यांचा प्रश्न उद्भवत नाही. आपण उल्लेखलेलं प्रॉक्सीचं काम संस्थेनं आपणास सांगितलेलं नव्हतं. ते आपण आपल्या वेळेत, आपल्या मर्जीनं केलं असून ते संस्थेचं काम नाही, त्याच्याशी संस्थेचा कोणताही संबंध नाही व पुढंही राहणार नाही. खाली प्राचार्यांची सही, जांभळा गोल शिक्का. हा शिक्का पुसट नव्हता.

मी उठून हात धुतले. साबण लावून धुतले. लहानपणी वाटेवर मेलेलं जनावर दिसलं की आई घरी आल्यावर हातपाय धुवायला लावायची, त्याला हात लावलेला नसला तरी. तसं झालं. ज्या माणसानं त्या कामावर आधी आपलं नाव मागितलं होतं, त्यानंच ते काम कुणाचं नाही असं लिहून दिलं होतं. दोन्ही वेळी त्याचा हात अडखळला नसणार.

रविवारी मी सोलापूरला गेले. मामाचं घर दोन खोल्यांचं होतं. अण्णा बाहेरच्या खोलीत कॉटवर पडून होता. मामी मला पाणी देऊन आत गेल्या. मी पाकीट द्यावं की नाही ते ठरवत होते. माझ्या पिशवीकडं बघून त्यानंच हात पुढं केला.

त्यानं पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं, या वेळी सावकाश, ओठ हलवत. मला वाटलं, आता तो भिंतीकडं तोंड फिरवील.

"अक्का," तो म्हणाला, "ह्याच्यावर शिक्का हाय."

"हाय की. घाण कागद हाय नुस्ता. फाडून टाक."

"फाडू कामून? नीट बगा की. हे संस्थेचं काम न्हाई, संबंध न्हाई, पुढंबी ऱ्हाणार न्हाई." तो हसायला लागला. हसताना त्याला धाप लागली. "तेच हाय की हे. जे पायजे व्हतं, ते दिलंय त्येनं. सही करून दिलंय."

"अण्णा, हे सगळ्या जगाला दाखवायचं? तू नोकर न्हाईस, तुला रजा न्हाई, हे?"

"दाखवा. लाज कुणाला वाटायची ते वाटंल. आन हे बगा, चांगलं सोज्वळ इंग्रजी करू नगा. जसं हाय तसं लिवा."

मी जसं होतं तसं लिहिलं. संपूर्ण पत्राचं शब्दशः भाषांतर केलं, स्कॅन जोडलं, आणि यादीवर टाकलं. त्या पत्रातला एकही शब्द मी गाळला नाही.

काही दिवस गेले. मग शिक्क्याची थट्टा करणाऱ्या माणसाचं उत्तर आलं. त्यानं लिहिलं होतं, की हे पत्र पुरेसं आहे. पुढं लिहिलं होतं, की मी भिंतीवर लावलेला पहिला कागद आज काढून टाकला. त्यानंतर त्यांच्या नोंदीत बदल घेतल्याची ओळ आली. तिच्यात अण्णाचं नाव होतं, एकट्याचं, गावासकट, जसं त्यानं पाठवलं होतं तसं.

एक गोष्ट मात्र त्यांनी केली. अशी वरचेवर वीज जाणं ही फार थोड्या ठिकाणची अडचण आहे, म्हणून ही सोय मुळात बंद राहील, ज्याला हवी त्यानं सेटिंगच्या फाइलीत एक ओळ लिहून ती सुरू करावी, असं ठरलं. मी फोनवर अण्णाला सांगितलं, सांगताना मला संताप येत होता. फार थोड्या ठिकाणची. बिदरपासून अफजलपूरपर्यंत वीज न जाणारं एक गाव दाखवा म्हणावं.

"म्हंजे दुकानात माल हाय, शटर खाली हाय," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. "असूंद्या. आत गेलं न्हवं? एक ओळ तर लिवायचीय. लिवील कुणी तरी."

मी त्याला ती ओळ विचारून घेतली, एका कार्डावर लिहिली आणि टेबलाच्या खणात ठेवली. तो पुढच्या आठवड्यात गेला. करजगीला नेल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळलं, तोवर माती देऊन झाली होती.

कॉलेजात शोकसभा झाली. कुठल्या तरी मुलानं इंटरनेटवर त्याचं नाव पाहिलं होतं आणि ते प्राचार्यांपर्यंत गेलं होतं, त्यामुळं सभेला फ्लेक्स होता. 'आमच्या संस्थेचा जागतिक सन्मान' असं वर. अध्यक्षांचा चेहरा डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत, त्यांच्या खांद्याशी प्राचार्य, आणि खालच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा अण्णा. तो फोटो ओळखपत्रावरून घेतलेला होता, त्यामुळं त्याच्या गालावर अर्धा जांभळा शिक्का होता.

प्राचार्य म्हणाले, तो आमच्या कुटुंबातला होता. म्हणाले, संस्थेचा निष्ठावान कर्मचारी, अध्यक्षसाहेबांच्या प्रेरणेनं आणि माझ्या मार्गदर्शनाखाली त्यानं हे कार्य केलं. त्यांनी रुमालानं डोळे टिपले. मी पाहत होते, डोळे खरोखर ओले होते. सगळ्यांत जास्त किळस मला त्याचीच आली. खोटं रडणारा माणूस निदान आतून काही राखून ठेवतो. या माणसाला ते म्हणत असताना ते खरंच वाटत होतं.

मग दोन मिनिटं उभं राहायचं झालं. ती संपायच्या आत वीज गेली. पंखे थांबले, आणि व्हरांड्यापलीकडून, साहेबांच्या रिकाम्या खोलीतून, यूपीएस बीप बीप करायला लागलं. सगळे माना खाली घालून उभे होते. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी माझ्याकडं तिरकं पाहिलं, मी रडते का ते बघायला. मी रडले नाही. माझ्या पर्समध्ये 'संबंध नाही' म्हणणारं ते पत्र होतं आणि पट्ट्यावर माझा हात होता. घरच्यांना रडायला करजगी होती. मला तिथं जाण्याचं नातं नव्हतं, आणि इथं रडणं म्हणजे त्या बाईंच्या हातात काही देणं.

अण्णाच्या जागी नवा माणूस आला. अंगानं जाडसर, बोलायला गोड. फ्लेक्स काही दिवस लॅबच्या भिंतीवर होता, मग अंगणात ऑफिसपुरता नवा जनरेटर आला तेव्हा भुकटी आणि पाऊस लागू नये म्हणून तो त्याच्यावर बांधला. धुराचा पाइप अध्यक्षांच्या तोंडाशी आला. अण्णाचा कोपरा आत दुमडला गेला होता, तो दिसत नव्हता, आणि ते मला बरं वाटलं.

त्या सुमारास नव्या माणसानं प्रॉक्सीची नवी आवृत्ती घातली. दुपारी वीज गेली, आली, आणि पायांखाली फरशी हादरायला लागली. मुलं टेबलं बडवत होती. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी खणातलं कार्ड घेऊन खाली गेले.

नवा माणूस त्या खोलीत नाकाला रुमाल लावून बसला होता. मी म्हटलं, "हा प्रोग्रॅम वीज आली की सगळं मोजत बसतो. तसं न करायची सोय ह्याच्यातच आहे. सेटिंगमध्ये ही एक ओळ घाला."

त्यानं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "मॅडम, तुम्ही लायब्ररीच्या ना? सेटिंग बदलायला प्राचार्यांची परवानगी लागंल. प्रॉपर चॅनलनं द्या, मी करतो."

"उठा जरा," मी म्हटलं.

तो उठला. का उठला ते मला अजून कळत नाही. माझा आवाज काही चढलेला नव्हता. मी खुर्ची पुसली नाही, तशीच बसले. ती फाइल कशी उघडायची ते मी अण्णाच्या मागं उभी राहून कितीतरी वेळा पाहिलं होतं. फाइलीत त्या सोयीविषयी दोन वाक्यांची टीप होती, ज्या ठिकाणी वीज वारंवार जाते त्यांच्यासाठी, अशी. तिच्या खाली मी कार्डावरची ओळ एकेक अक्षर बघून उतरवली, पुन्हा ताडून पाहिली, आणि फाइल बंद केली. नव्या माणसाला प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितलं. तेवढं त्यानं केलं.

वर येऊन मी कपाटाच्या मोजणीला बसले. वर्षाअखेरची मोजणी चालू होती. दुपारी वीज गेली. बरीच उशिरा आली. पंखा फिरायला लागला. मी हातातलं पुस्तक धरून थांबले.

खाली कुणी टेबल बडवलं नाही. मुलांना पानं मिळत होती, निकालांची, नोकऱ्यांची, बेंगळूरच्या गाड्यांची. कपाट मोजून झालं तेव्हा मी दारावरच्या चिठ्ठीवर सही केली आणि दुसरं उघडलं.

संध्याकाळी जाताना त्या खोलीवरून गेले. दारावर ताजी पिंक होती, खालपर्यंत ओघळलेली. दिवसभर ज्यांना पानं मिळाली होती, त्यांच्यातलाच कुणीतरी टाकून गेला असणार.